पट्टीच्या रेषेत उभा राहू नकोस

आधी हवा बंद कर, येर्को. मग नळी जोड.
हा पिवळा कॉक, आडवा म्हणजे बंद.
आडवा आहे ना? हात लावून बघ.
रात्रपाळीत डोळे आपल्या सोयीचं बघतात.

फिल्टरच्या वाटीत पाणी साचलंय, बोटभर.
माझ्या आईने सत्तर वर्षांत
पाऊस दोनदा पाहिला, तोही भुरभुर,
आणि हा कॉम्प्रेसर रोज रात्री
अटाकामाच्या कोरड्या हवेतून एवढं पाणी पिळून काढतो.
खालचा स्क्रू सोड. जाऊ दे.
आता तेल. थेंब पडताना दिसला पाहिजे.
कोरडं यंत्र कुरकुरत नाही,
सरळ चावतं.

काटा सहावर. सहा म्हणजे सहा.
चष्मा कपाळावर नाही, डोळ्यांवर.
हातमोजे घाल. तांब्याचे पत्रे गुलाबी दिसतात,
पण त्यांच्या कडांना कुणाची ओळख नसते.

पट्टी खालून घे, गठ्ठ्याभोवती फिरव, पीळ पडू देऊ नकोस.
टोकावर टोक ठेव, यंत्राच्या जिभेवर नीट सरकव.
चाकाचे दात बघितलेस? तांब्याचा भुगा अडकलाय.
तारेचा ब्रश घे. नाही, आधी हवा बंद.
बघ, विसरलास.
मीही विसरायचे.

आता पहिली दांडी दाब.
ऐक. मोटर आधी गाते, मग तिचा सूर जड होतो,
मग ती थांबते. तिथेच सोड.
तुटेपर्यंत ताणू नये, हे आपण माणसांना सांगतो
आणि पोलादाला सांगायचं विसरतो.

दुसरी दांडी. खटॅक.
आता सांध्यावर वाक. खाचा मोज.
एक अर्धवट आहे. पुसट.
टिकेल, म्हणतोस?
तुझा ज्देन्को मामाही म्हणाला होता, टिकेल.

घरी त्याने मोटरसायकल सांगितली, माहीत आहे मला.
कलामाचं वळण, रस्त्यावर सांडलेलं डिझेल.
भुवईपासून कानापर्यंतची ती रेघ
याच जागेवरची आहे, या खांबापाशी.
काटा आठवर होता, पाळी लवकर उरकायची होती,
तुझ्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं त्या दिवशी.
तो पट्टीच्या रेषेत वाकून उभा होता,
खाचा मोजत.
हो, मोजत होता. तेवढं त्याच्या बाजूने सांगते.
मी पलीकडे उभी होते. मला फक्त वारा लागला.

बस थोडा. पाणी पी.
सांगायला नको होतं कदाचित.
पण मोटरसायकलपासून तुला काय शिकता आलं असतं?

ऊठ. ती पट्टी काप.
कात्रीने. पहार तिथेच राहू दे.
बाजूला उभा राहा, एक हात कात्रीवर,
दुसऱ्याने वरचं टोक दाबून धर.
सुटताना ती कुठे जाणार, आधी तिचा विचार कर.
हा गठ्ठा अडीच टनांचा आहे, येर्को.
उद्या रेल्वेने बंदरावर जाईल, मग जहाजाने कुठेतरी,
आणि तिथे थंडीत हात चोळत कुणीतरी
ही पट्टी कापेल.
मला त्याचं नाव माहीत नाही. तोंड मात्र दिसतं मला,
रोज, प्रत्येक गठ्ठ्याला,
आणि ते नेहमी पट्टीच्या फार जवळ असतं.

पुन्हा बांध.

पट्टी फिरली. टोकावर टोक आलं.
काटा त्याने न सांगता बघितला.
मोटर गायली, जड झाली, थांबली.
दुसरी दांडी दाबण्याआधी
तो अर्धं पाऊल डावीकडे सरकला.

मी काही बोलले नाही.
वहीत गठ्ठ्याचा नंबर लिहिला.
बाहेर उजाडत होतं, आणि फिल्टरच्या वाटीत
पहिला थेंब पुन्हा जमायला लागला होता.